रायझर बसवण्याआधी केबल बघा

उभं राहून गाडी चालवायची तर मला हँडल खाली पडायचं. घाटातल्या खडबडीत रस्त्यावर पाठ वाकायची आणि सगळा भार मनगटांवर यायचा. म्हणून हँडल वर उचलणारे ३० मिलिमीटरचे रायझर आणले. चार बोल्ट काढायचे, चार लावायचे, इतकंच काम, असं दुकानात सांगितलं होतं.

बोल्ट बसलेही पटकन. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन चालू केली, हँडल डावीकडे शेवटपर्यंत वळवलं आणि रेस आपोआप चढली. मुठीला माझा हातही नव्हता. हँडल वर गेल्याने रेस केबल तोकडी पडली होती आणि वळवताच ओढली जात होती. मागे कुणी बसलेलं असताना, गर्दीत यू-टर्न घेताना हे झालं तर गाडी सरळ पुढच्यावर जाते. म्हणून नवख्यांनी पानं हातात घेण्याआधी हे वाचावं, असं फार वाटतं.

क्लॅम्प सोडलात की हँडल लगेच कसू नका. घरातल्या कुणाला तरी ते रायझरच्या उंचीवर धरायला सांगा, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि रेस केबल, क्लच केबल, पुढच्या ब्रेकचा पाइप बोटांनी चाचपून बघा. केबल बहुतेक वेळा एखाद्या क्लिपमधून सोडवून वेगळ्या वाटेने नेली की सैल होते. ब्रेकचा पाइप मात्र ताणलेला चालत नाही म्हणजे नाही. लांब पाइप घालायचा, ऑइल भरून हवा काढायची, हे काम जाणत्या मेकॅनिकचं. ते नको असेल तर कमी उंचीचे रायझर घ्या. मी शेवटी २० मिलिमीटरवर थांबलो, पाठीला तेवढ्यानेही पुष्कळ आराम पडला.

दुसरी गोष्ट बोल्टची. रायझरसोबत आलेले बोल्ट लांबीला पुरतातच असं नाही. माझे जेमतेम चार आटे धरत होते. खालचा भाग ॲल्युमिनियमचा असेल तर ८ मिलिमीटरच्या बोल्टने निदान १२ मिलिमीटर आत जायला हवं, नाहीतर कसतानाच आटे जातात. किती कसायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. या मापाच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागतात, आणि ते टॉर्क रेंचनेच, हाताच्या अंदाजाने नाही. काही गाड्यांत क्लॅम्पचे पुढचे बोल्ट आधी पूर्ण कसून फट फक्त मागे ठेवायची असते, तेही मॅन्युअलमध्ये असतं.

टाकीवर जाड चादर टाका, ब्रेक ऑइलची डबी आडवी होऊ देऊ नका. ऑइल सांडलं तर रंग जातो, हवा शिरली तर ब्रेक. सगळं बसल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल पुन्हा दोन्हीकडे वळवा. मूठ पिळून सोडली की डावीकडे, मध्ये, उजवीकडे, सगळीकडे तिने टणकन मागे यायला हवं. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासा, आरसेही तेव्हाच नीट लावा.