घोडा का अडला? – एका कोड्यातून शिकलेला पाठ



भाकरी करपली, पान सडलं आणि घोडा अडला. तिन्हींचं कारण एकच, ते कोणतं? हे कोडं आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलंय. उत्तर सोपं आहे : न फिरवल्यामुळे. मी ते सातवीच्या वर्गात घातलं. मुलांनी लगेच ओळखलं. पण मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, आमचा घोडा तर फिरवून फिरवून अडला होता. त्याच्या पोटात दुखत होतं. आम्हाला कळलंच नाही."

वर्ग गप्प झाला. मीही.

आमचं गाव माथेरान. इथे मोटारगाड्यांना बंदी आहे, त्यामुळे पर्यटक आणि सामान घोड्यांच्या पाठीवरून जातं. अनेक घरांत घोडा हाच कमावता. या मुलाचा घोडा गर्दीच्या एका रविवारी दुपारी थांबला. पुढच्या पायाने माती उकरू लागला, मान वळवून सारखा कुशीकडे बघू लागला. 'माजलाय' म्हणून त्याला दोन फटके बसले, आणखी एक फेरी झाली. रात्री अंगात जोर यावा म्हणून जास्तीचा हरभरा खाऊ घातला. पहाटे घोडा गेला.

त्यानंतर मी हा पाठ तयार केला. पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून तपासून घेतला आणि मगच वर्गात घेतला. तुमच्या गावात घोडा नसला तरी विज्ञान आणि गणिताला तो उपयोगी पडेल.

१. घोड्याचं पोट

गाय रवंथ करते, घोडा करत नाही. अंगाच्या मानाने त्याचं जठर लहान असतं. मोठ्या घोड्याचंही साधारण ८ ते १५ लिटरचं. मोकळ्या रानात तो दिवसातले १४ ते १६ तास थोडं थोडं चरत असतो. म्हणून एकदम पोटभर दाणा देणं त्याला मानवत नाही. दुसरी गोष्ट मुलांना फार नवलाची वाटते : घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाचा स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं परत वर येत नाही. पोटात वायू धरला किंवा चारा अडकला तर वरची वाट बंदच.

याला पोटशूळ म्हणतात. पाय आपटणं, कुशीकडे बघणं, वरचा ओठ वर वळवणं, घाम येणं, लोळणं, लीद न पडणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी चारा-दाणा समोरून काढून घ्यायचा, खोगीर उतरवायचं आणि ताबडतोब डॉक्टरांना बोलवायचं. बांबूच्या नळीतून तेल किंवा काढा पाजू नये. तो फुप्फुसात गेला तर घोडा त्यानेच दगावतो.

शूळ टाळायचा कसा? मुख्य आहार गवत आणि वाळला चारा. ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ६ ते ८ किलो वाळला चारा आणि २० ते ४० लिटर स्वच्छ पाणी लागतं. उन्हात काम असेल तर पाणी आणखी जास्त. दाणा कमी, तोही दोन-तीन वेळा विभागून. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू.

२. रोजची पाहणी

घोडा शांत उभा असताना जबड्याच्या खालच्या कडेला बोटं ठेवली की नाडी लागते. १५ सेकंद मोजा, ४ ने गुणा. निरोगी मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. हिरड्या गुलाबी आणि ओलसर हव्यात. कुशीला कान लावला की आतड्यांची गुरगुर ऐकू येते. ती अजिबात ऐकू आली नाही तर काळजीचं कारण आहे.

मुलांना आधी एक नियम सांगा : मोठं माणूस सोबत हवंच, आणि घोड्याच्या मागून कधीच जायचं नाही. अगदी मागचं त्याला दिसत नाही, तो दचकून लाथ मारतो. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जायचं.

३. खूर, नाल आणि पाठ

खूर आपल्या नखासारखा वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून नाल काढून, खूर तासून घ्यावा लागतो. पावसाळ्यात ओल्या चिखलात खुराचा तळ सडतो, काळा पडतो, घाण वास येतो. रोज खूर साफ करून कोरडी जागा दिली तर हे टळतं. खिळा रुतला तर धनुर्वाताची भीती. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. त्याची लस असते, ती चुकवू नये. खरारा करताना पाठीवर जखम दिसली तर ती भरेपर्यंत खोगीर नाही.

४. गणिताचा उपक्रम

घोड्याला काट्यावर कसं चढवणार? शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही सेंटिमीटरमध्ये.

वजन (किलो) = घेर × घेर × लांबी ÷ ११,८८०

घेर १६० आणि लांबी १४० असेल तर उत्तर सुमारे ३०२ किलो येतं. घोड्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं नसावं, असं सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे खोगीर धरून ६० किलो. हे उत्तर फळ्यावर आलं तेव्हा घोडेवाल्यांची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. ८०-९० किलोची गिऱ्हाइकं त्यांनी रोज बघितलेली.

कोड्याचं जुनं उत्तर खोटं नाही. बांधून ठेवलेल्या घोड्याचे पाय सुजतात, आतडी मंदावतात. त्याला फिरवायलाच हवं. पण अडण्याचं ते एकच कारण नाही. आता मी ते कोडं घालतो तेव्हा मुलांकडून उत्तरं दोन लिहून घेतो. एक, न फिरवल्यामुळे. दुसरं, त्याच मुलाने सांगितलेलं : "दुखत असेल, आधी बघा."

तो मुलगा आता भाड्याने आणलेल्या घोड्याची नाडी रोज सकाळी वहीत लिहितो. आणि वर्गात एखादं मूल अडून बसलं, की मला ते दुसरं उत्तर आठवतं.