सेशन कुठे हरवते?

संगणक हा काही माझा अभ्यासाचा विषय नव्हे. तरीही एका संस्थेच्या प्रवेशअर्जांचे संकेतस्थळ सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. त्यातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे, असे वाटते.

तक्रार अशी, की अर्ज भरता भरता विद्यार्थी मध्येच बाहेर फेकले जात. एक मुलगी तर तीनदा अर्ज भरून रडकुंडीला आली होती. "तूच फार वेळ लावतेस," असे मी तिला सुनावले.

मुळात एचटीटीपी या पद्धतीला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक विनंती सर्व्हरला नवखीच. म्हणून सर्व्हर एक खूण देतो. ती कुकीच्या रूपाने ब्राउझरपाशी राहते आणि तिच्यावर नोंदलेली माहिती सर्व्हरपाशी. हेच सेशन. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवून पावती घ्यावी, तसा हा प्रकार.

आमचे संकेतस्थळ एएसपी डॉट नेटचे होते. तेथे सेशनची मुदत मुळात २० मिनिटांची असते. मी वेब डॉट कॉन्फिग फाईलमध्ये ती ६० केली. परंतु ही फाईल बदलताच ॲप्लिकेशन नव्याने सुरू होते. त्यामुळे त्या क्षणी अर्ज भरत असलेल्या सर्वांची सेशने माझ्याच हातून पुसली गेली! तक्रारी मात्र थांबल्या नाहीत.

गर्दीमुळे सर्व्हर दोन केले होते. एका रात्री त्यांपैकी एक बंद ठेवून पाहिला, तर दोष नाहीसा! तेव्हा उमगले, की प्रश्न मुदतीचा नसून जागेचा आहे. मोड 'इनप्रोक' होता, म्हणजे प्रत्येक सर्व्हरची माहिती त्याच्याच मेमरीत. पावती एका स्टेशनची आणि खिडकी दुसऱ्या स्टेशनची, मग सामान मिळावे कसे?

उपाय म्हणून मोड 'स्टेटसर्व्हर' केला. ही ४२४२४ पोर्टवर चालणारी, दोघांना सामायिक अशी स्वतंत्र सेवा होय. मात्र त्यासाठी तीन पथ्ये पाळावी लागली: सेशनमधील प्रत्येक वस्तू सिरियलाइझ होणारी हवी, दोन्हीकडे मशीन-की एकच हवी आणि आयआयएसमधील ॲप्लिकेशनचा मार्ग, साइटच्या क्रमांकासह, सारखा हवा. शेवटचे पथ्य चुकले, तर सामायिक जागेतही सेशन सापडत नाही.

त्या मुलीचा चौथा अर्ज सुरळीत गेला. मी तिची क्षमा मागितली. सेशन हरवले, तर "किती वेळ टिकते?" याआधी "कुठे ठेवले आहे?" हे विचारावे. आणि माणसाला बोल लावण्यापूर्वी यंत्र तपासावे, हा धडा मला त्या मुलीने दिला.