शिक्षकवृंदाची बांधणी आणि शाळेची टिकाऊ गुणवत्ता
(जांबोटी परिसराच्या संदर्भात)

एखाद्या खेड्यातील शाळा चार-पाच वर्षे नावारूपास येते. मुलांची उपस्थिती वाढते, वाचन सुधारते, परिसरातील लोक त्या शाळेचे उदाहरण देऊ लागतात. पुढे मुख्याध्यापकांची बदली होते आणि पाहता पाहता शाळा पुन्हा पूर्वस्थितीस येते. "गुरुजी गेले आणि शाळा गेली," असे ग्रामस्थ हळहळून म्हणतात. या उद्गारात गेलेल्या गुरुजींविषयी आदर आहे. परंतु त्याचबरोबर शाळेच्या दुबळेपणाचे निदानही आहे. जी गुणवत्ता एका व्यक्तीबरोबर येते, ती तिच्याबरोबरच जाते. म्हणून मुख्याध्यापकाच्या कर्तृत्वाची खरी कसोटी त्याच्या कारकिर्दीत नसून, तो गेल्यानंतर शाळेत काय उरते यात आहे.

परिसर आणि प्रश्न

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी हे गाव बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. याच रस्त्याने पुढे गेल्यावर कणकुंबी लागते. तेथे मलप्रभा नदीचा उगम आहे. अतिवृष्टी, दाट वने व विखुरलेल्या वस्त्या यांचा हा प्रदेश. अशा भागात शाळा लहान असणे स्वाभाविक आहे. घरची बोली, पुस्तकातील प्रमाण मराठी आणि राज्याची भाषा कन्नड अशा तीन पायऱ्या येथील मराठी शाळेतील मुलाला बालवयातच चढाव्या लागतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असल्यास दोन शिक्षक असावयास हवेत. याचा अर्थ असा की, अशा शाळेतील एका शिक्षकाची बदली म्हणजे अर्ध्या शिक्षकवृंदाची बदली होय. शहरातील मोठ्या शाळेत एक शिक्षक गेला तरी घडी मोडत नाही. येथे मात्र एका बदलीने पाच इयत्तांचे गणित विसकटते. नव्या शिक्षकाला कोणते मूल कोठवर आले आहे हे उमगेपर्यंत अर्धे वर्ष निघून जाते आणि ते मुलाच्या पदरी पुन्हा पडत नाही. तेव्हा दुर्गम भागात एकजुटीचा शिक्षकवृंद ही मुलांची निकडीची गरज आहे.

कोसबाडचा धडा

नेतृत्वाची परंपरा कशी निर्माण होते, याचे उत्तम उदाहरण ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्यात सापडते. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना करणाऱ्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. त्यावेळी अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. त्यातून अंगणवाडीची कल्पना साकारली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली.

१९७३ साली ताराबाईंचे निधन झाले, परंतु कार्य थांबले नाही. अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, पुढे नेले. हे आपोआप घडले नाही. अनुताई जवळपास तीन दशके प्रत्येक प्रयोगात सहभागी होत्या. कोणती गोष्ट का केली हे त्यांना ठाऊक होते. केवळ हुकूम पाळणारा सहकारी नेता गेल्यावर गोंधळतो. कारणे जाणणारा सहकारी काम चालू ठेवतो.

हेग्गडदेवनकोटेचा अनुभव

दुसरे उदाहरण कर्नाटकातीलच आहे. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे हा तालुकाही जांबोटी परिसराप्रमाणेच वनांचा. तेथील प्राथमिक शिक्षकांचा एक गट १९९५ साली आंध्र प्रदेशातील मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली येथे गेला व तेथील बहुवर्ग अध्यापनाची पद्धती पाहून आला. परतल्यावर शिक्षकांनी एकत्र बसून आपल्या मुलांसाठी अभ्यासाची कार्डे तयार केली. प्रत्येक मुलाने आपल्या गतीने एकेक पायरी चढावी, अशी त्यांची रचना होती. युनिसेफचे साहाय्य लाभलेली ही पद्धती 'नलि-कलि', अर्थात आनंदाने शिक, या नावाने प्रसिद्ध झाली आणि २००९-१० पासून राज्यातील सरकारी कन्नड शाळांच्या आरंभीच्या इयत्तांत लागू झाली.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे काम तालुक्यातील साध्या शिक्षकांनी मिळून केले. स्वतः घडविलेल्या गोष्टीविषयी जी आस्था वाटते, ती वरून आलेल्या परिपत्रकाविषयी सहसा वाटत नाही. म्हणूनच अशी पद्धती अन्यत्र नेताना केवळ कार्डे पोचवून भागत नाही. ती करण्यामागील विचारही शिक्षकांपर्यंत पोचवावा लागतो.

एकत्र अभ्यास म्हणजे काय?

शिक्षकांच्या सभा होतातच. परंतु पुष्कळदा त्या माहितीची पत्रके भरण्यात व सूचना वाचण्यात संपतात. जपानमध्ये प्राथमिक शिक्षक फार वर्षांपासून निराळी रीत पाळीत आले आहेत. काही शिक्षक मिळून एका पाठाची आखणी करतात. एकजण तो पाठ घेतो. इतर जण शिक्षकाकडे नव्हे तर मुलांकडे लक्ष देतात. आणि शेवटी सर्वजण पाठ सुधारतात.

एक साधे उदाहरण घेऊ. तिसरीतील एक मूल ५२ मधून २८ वजा करून ३६ असे उत्तर लिहिते. शिक्षक 'लक्ष नाही' असा शेरा मारतो. परंतु शेजारी बसून पाहणाऱ्या सहकाऱ्याच्या ध्यानात येते की, मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करीत आहे : आठातून दोन गेले सहा, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे मुलाचे लक्ष आहे, नियमही आहे. मात्र तो नियम चुकीचा आहे. मग दोघे मिळून काड्यांचे गठ्ठे घेऊन पाठ योजतात. दहा-दहांचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या. सुट्या दोनांतून आठ देता येत नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडावयाचा. चार गठ्ठे व बारा काड्या झाल्या. त्यांतून आठ काड्या व दोन गठ्ठे दिले की २४ उरतात. मुलाला हातचा डोळ्यांनी दिसतो. ही चूक व हा उपाय वहीत नोंदविला, तर पुढे येणाऱ्या शिक्षकालाही तो उपलब्ध होतो. टिकाऊ गुणवत्ता ती हीच.

मुख्याध्यापकाने करावयाच्या गोष्टी

१. प्रत्येक मुलाची प्रगती दर्शविणारी एक वही शाळेत असावी : वाचन कोठवर, लेखन कोठवर, गणितातील कोणती क्रिया अडते. ती शिक्षकाची खासगी मालमत्ता नसून शाळेची असावी व बदलीच्या वेळी नव्या शिक्षकाच्या हाती समक्ष द्यावी.

२. आठवड्यातून एकदा तासभर तरी केवळ मुलांच्या अडचणींवर चर्चा व्हावी. त्या तासात कार्यालयीन विषय आणू नयेत.

३. मुख्याध्यापकाने प्रथम स्वतःचा पाठ सहकाऱ्यांना पाहू द्यावा. वरिष्ठाने आपल्या पाठावरील टीका मोकळेपणाने ऐकली म्हणजे कनिष्ठाची भीती जाते.

४. कामांची वाटणी करावी व ती दरवर्षी फिरती ठेवावी, म्हणजे कोणतेही काम एकट्याच्याच माहितीचे राहत नाही.

५. एका वर्षी एकच उद्दिष्ट निवडावे. दहा उपक्रम आरंभून सोडण्यापेक्षा पाचवीतील प्रत्येक मूल समजून वाचू लागले, हे अधिक मोलाचे.

शाळा-समूह आणि ग्रामस्थ

दोन शिक्षकांच्या शाळेत विचारविनिमयाला माणसेच अपुरी पडतात. यावर कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळा-समूहाचा मार्ग सुचविला होता. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे, म्हणजे या सीमाभागाच्या शेजारचेच. आसपासच्या लहान शाळांनी एकमेकींची साधने व अनुभव वाटून घ्यावेत, हा त्यामागील विचार होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तो आला आहे. जांबोटीसारखे हमरस्त्यावरील गाव अशा एकत्र येण्यास सोयीचे आहे. पावसाळ्यात प्रवास कठीण होतो हे ध्यानी घेऊन जूनपूर्वीच पाठांची आखणी करावी आणि प्रत्यक्ष पाठ-निरीक्षण दिवाळीनंतर ठेवावे.

अधिकाऱ्यांनीही शाळा-भेटीत दप्तर तपासण्याबरोबर एक पाठ बसून पाहावा आणि बदल्या करताना एका लहान शाळेतील दोन्ही शिक्षक एकाच वेळी जाणार नाहीत, अशी शक्य तेवढी दक्षता घ्यावी. एस.डी.एम.सी. म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळा सुधारणा समितीचे सदस्य तर गावातच राहणारे असतात. शिक्षक बदलतात, समिती व गाव राहते. छपराची कौले व कुंपण यांची काळजी समिती घेतेच. तिने 'आमची मुले वाचतात का?' हा प्रश्नही प्रत्येक सभेत विचारावा. ज्या गावाला आपल्या शाळेची रीत ठाऊक असते, ते गाव नव्या शिक्षकाला ती रीत सांगू शकते.

दीपस्तंभासारखा एखादा गुरुजी लाभणे हे गावाचे भाग्य होय. परंतु मुलांचे शिक्षण भाग्यावर सोडता येत नाही. वही, चर्चा, एकत्र पाठ व जागरूक गाव या चार गोष्टी कोणत्याही शाळेच्या आवाक्यातील आहेत. त्या रुजल्या म्हणजे मुख्याध्यापकांच्या निरोपसमारंभाच्या दुसऱ्या दिवशीही घंटा त्याच वेळी होईल, तिसरीतील मूल काड्यांचा गठ्ठा सोडून वजाबाकी करील, आणि नवा शिक्षक आदल्या दिवशीच्या पानापासून पुढे शिकवू लागेल.