गोळी थांबवण्याआधी एवढं ऐक

तू पाठवलेला व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला. ‘एचआयव्ही कायमचा बरा झाला, परदेशातल्या डॉक्टरांनी करून दाखवलं’ असं सांगत सांगत तो माणूस अखेर एका चूर्णाच्या डब्यापाशी येतो आणि तीन महिन्यांच्या कोर्सचे पैसे सांगतो. खाली तू विचारलंयस, ‘ताई, एचआयव्हीच्या एआरटी गोळ्या थांबवून हे घेऊन बघू का?’

नको गं. उत्तर आधी देऊन टाकलं, आता कारणं सांगते. त्या व्हिडिओतला सुरुवातीचा भाग खरा आहे, आणि त्या खऱ्याच्या आडोशानेच चूर्ण विकलं जातंय.

टिमोथी रे ब्राऊन नावाचा एक अमेरिकन माणूस बर्लिनमध्ये राहायचा. त्याला १९९५ मध्ये एचआयव्ही असल्याचं कळलं. गोळ्यांवर तो बरा चालला होता, पण २००६ मध्ये त्याला रक्ताचा कर्करोग झाला. गेरो ह्यूटर या डॉक्टरांनी त्याच्यासाठी बोन मॅरोचा दाता शोधताना एक वेगळा विचार केला. युरोपात काही थोड्या लोकांच्या पेशींवर विषाणूला आत शिरायला लागणारं सीसीआर-५ नावाचं दार जन्मतःच नसतं. त्यांनी एकामागून एक दाते तपासले, आणि ६१ वा दाता तसा निघाला. २००७ मध्ये प्रत्यारोपण झालं, एचआयव्हीच्या गोळ्या थांबवल्या, आणि विषाणू परत आलाच नाही.

आता व्हिडिओत न सांगितलेलं ऐक. कर्करोग उलटला म्हणून २००८ मध्ये तेच प्रत्यारोपण पुन्हा करावं लागलं. त्यानंतर त्याला भ्रम झाला, दृष्टी जवळजवळ गेली, चालायला नव्याने शिकावं लागलं. २०२० मध्ये तो वारला तो त्याच कर्करोगाने, एचआयव्हीने नव्हे. त्याच्यामागून लंडन, ड्युसेलडॉर्फ, न्यूयॉर्क अशा ठिकाणी आणखी काही जण या वाटेने बरे झाले, पण सगळे मिळून हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच. त्या सगळ्यांना कर्करोगापायी प्रत्यारोपण करावंच लागणार होतं. ज्याची तब्येत गोळ्यांवर ठणठणीत आहे, त्याच्यावर एवढा जिवावरचा उपाय कुठलाही शहाणा डॉक्टर करणार नाही. आणि त्या दार नसलेल्या पेशी आपल्याकडच्या लोकांत फारच दुर्मिळ आहेत.

मग गोळ्यांनीच विषाणू का संपत नाही, असं तुला वाटेल. तू शेतकऱ्याच्या घरची, तुला हरळी ठाऊक आहे. वरून कितीही खुरपलं तरी मुळं जमिनीत राहतात आणि पाऊस पडला की पुन्हा फुटतात. एचआयव्ही आपल्या काही पेशींमध्ये तसा निपचित पडून राहतो. औषध वाढणाऱ्या विषाणूला अडवतं, झोपलेल्याला ते हातच लावू शकत नाही. या पेशी इतक्या सावकाश कमी होतात की नुसत्या गोळ्यांच्या भरवशावर त्या पूर्ण संपायला साठहून अधिक वर्षं लागतील, असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. म्हणूनच गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांतच पुन्हा दिसू लागतो.

अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या एका मुलीची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. २०१० मध्ये जन्मलेलं बाळ, जन्मानंतर सुमारे ३० तासांत औषध सुरू झालेलं. दीड वर्षाने उपचार सुटले आणि तरीही विषाणू सापडेना. २०१३ मध्ये जगभर बातमी झाली की बाळ बरं झालं. उपचार सुटल्यापासून दोन वर्षांहून जास्त काळ ते निरोगी राहिलं, आणि २०१४ मध्ये विषाणू परतला. मुलीला पुन्हा औषध सुरू करावं लागलं. म्हणून ‘बरा झाला’ अशी बातमी आली की मी पहिल्यांदा विचारते, गोळ्या थांबवून किती काळ झाला?

तू लिहिलेली ती ‘जनुकं कापणारी कात्री’ही खोटी नाही. क्रिस्परवर आधारलेला ईबीटी-१०१ नावाचा उपचार अमेरिकेत २०२२ पासून माणसांवर तपासला गेला. तो सुरक्षित वाटला, पण ज्यांच्या गोळ्या थांबवल्या त्यांच्यात विषाणू परत आला, एकात जरा उशिराने. मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. माणसांवरचा पहिलाच प्रयत्न होता तो. कधीतरी हे जमेल असं मला मनापासून वाटतं. पण ‘कधीतरी’च्या भरवशावर आजची गोळी सोडायची नसते. दर सहा महिन्यांनी घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनबद्दलही तू विचारलंस. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. पण तो लागण टाळण्याचा उपाय आहे, झालेली लागण बरी करणारा नव्हे.

राहिलं ते चूर्ण. गांबियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष याह्या जामे यांनी २००७ मध्ये जडीबुटीने एड्स बरा करतो असं जाहीर केलं आणि रुग्णांच्या एआरटीच्या गोळ्या बंद करायला लावल्या. त्यात माणसं गेली. वाचलेल्यांनी पुढे कोर्टाची पायरी चढली. आपल्याकडे औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्ये एड्सचं नाव आहे, म्हणजे ‘या औषधाने एड्स बरा होतो’ असा दावा करायलाच बंदी आहे. खरं संशोधन करणारे तुझ्याकडून पैसे मागत नाहीत. ते लेखी संमती घेतात, त्यांची चाचणी देशाच्या नोंदवहीत असते, त्यामागे नीतिसमिती असते, आणि गोळ्या थांबवल्याच तर वरचेवर रक्त तपासून विषाणू दिसताच त्या पुन्हा सुरू करतात. त्या व्हिडिओवाल्याकडे यातलं काय आहे, सांग बरं!

‘थोडे दिवस थांबवून पाहते’ हाही मार्ग नाही. साडेपाच हजारांच्या आसपास लोकांवरच्या ‘स्मार्ट’ नावाच्या अभ्यासात नेमकं हेच तपासलं होतं. मध्ये मध्ये गोळ्या थांबवणाऱ्यांत आजारपणं आणि मृत्यू जास्त दिसले, म्हणून २००६ मध्ये तो प्रयोगच आवरता घेतला. शिवाय घेतली-सोडली, घेतली-सोडली असं चाललं की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

मला ठाऊक आहे, तुला खरा त्रास गोळीचा नाही. बाटलीवरचा कागद भिजवून खरवडून काढायचा, घरात आवाज होऊ नये म्हणून आत कापसाचा बोळा घालायचा, एआरटी सेंटरला जाताना माहेरी जाते म्हणून सांगायचं, हे जे रोजचं आहे त्याने तू थकलीयेस. कुठलंही औषध हे ओझं एका दिवसात उतरवणार नाही. पण तुझ्या बाजूने २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे. काही अपवाद सोडले तर तुझ्या संमतीवाचून तुझी माहिती कुणाला सांगता येत नाही, आणि या कारणाने नोकरीवरून काढणं हा कायद्याने भेदभाव ठरतो.

आणि गोळी काय करते तेही नीट समजून घे. नऊ देशांतल्या जोडप्यांवरच्या ज्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, त्यात आपलं पुणंही होतं. लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. पुढच्या अभ्यासांनी पक्कं केलं की व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, सापडण्याच्या खाली टिकून असेल तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. तुला बाळ हवंय ना? गरोदरपणाच्या आधीपासून लोड दबलेला असेल आणि बाळाला वेळेवर औषध मिळालं, तर लागणीची शक्यता शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी उरते. मुलाचं ठरवताना सेंटरच्या डॉक्टरांशी आणि समुपदेशक ताईंशी मोकळेपणी बोल. त्या हे रोज ऐकतात, लाजू नकोस.

ते चूर्ण मागवू नकोस, आणि पैसे भरले असशील तर जाऊ देत, पण ते खाऊ नकोस. चार दिवस गोळी चुकली असेल तर आजच सेंटरला सांग, रागावले तरी सांग. शेवटचा व्हायरल लोड कधी झाला ते तुझ्या पुस्तिकेत बघ, वर्ष उलटलं असेल तर तपासणी मागून घे. घरून बोलता येत नसेल तर १०९७ वर फोन कर, तो मोफत आहे. आणि मग मला कळव.