मुलगी म्हणते, नोकरी नको, धंदा करते

पदवीचे निकाल लागले की समुपदेशनाला येणाऱ्या पालकांचा हा प्रश्न ठरलेला. "आमच्यात कोणी धंदा केलेला नाही. पैसे बुडाले तर?" भीती रास्त आहे. पण मालाला मागणी असतानाही छोटा धंदा कसा अडकतो, हे आधी समजून घ्या.

समजा, मुलीने दुकानांच्या पाट्या बनवायचं काम सुरू केलं. जीएसटी नोंदणी मालासाठी वार्षिक 40 लाखांच्या आणि सेवेसाठी 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा लागत नाही. पण मोठी गिऱ्हाइकं जीएसटीचं बिल मागतात, म्हणून तिने ती आधीच घेतली. जुलैत एका शोरूमला 1 लाखाच्या पाट्या दिल्या. 18 टक्के कर धरून बिल 1,18,000 रुपयांचं. त्यासाठी ॲक्रिलिक आणि एलईडी 60,000चे घेतले, अधिक कर 10,800. पुरवठादाराला 70,800 रोख मोजले.

शोरूमवाले म्हणाले, "दिवाळीनंतर बघू." सरकार मात्र दिवाळीपर्यंत थांबत नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला जुलैचा कर 20 ऑगस्टपर्यंत द्यावा लागतो, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. पुरवठादाराने त्याचं विवरणपत्र वेळेवर भरलं असेल तर खरेदीवरचे 10,800 वजा होऊन 7,200 भरायचे. उशीर झाला की 18 टक्के व्याज आणि वर विलंब शुल्क. म्हणजे कागदावर 40 हजार सुटलेत, त्यातून मजुरी जायचीय. आणि प्रत्यक्षात खिशातून 78 हजार गेलेत.

इथून पुढे मनाचा भाग सुरू होतो. पैसे अडकले की माणूस हिशेबाकडे बघणंच टाळतो. वसुलीचा फोन उद्यावर जातो, जीएसटी पोर्टलवरची नोटीस उघडलीच जात नाही. उत्तराची मुदत टळते आणि एकतर्फी आदेश निघतो. सजगता म्हणजे माइंडफुलनेस उद्योजकाला लागते ती याच क्षणी: पोटात गोळा आलाय हे ओळखायचं, दोन मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायचं आणि मग ती नोटीस उघडायची. इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराची सुरुवातही श्वास बघण्यापासूनच होते. शिबिराला जाणं जमलं तर उत्तमच. पण आकडे न घाबरता बघायची सवय रोजच्या गल्ल्यावरच लागते.

मुलांनी काय करावं?

धंद्याचं चालू खातं घरखर्चापासून वेगळं ठेवा. बिलाचे पैसे आले की त्यातला जीएसटी त्याच दिवशी बाजूला काढा. तो आपला नव्हेच. निदान मालाच्या किमतीएवढी उचल घेतल्याशिवाय काम धरू नका. आठवड्यातून एकदा, फोन बाजूला ठेवून, येणं आणि देणं समोरासमोर लिहा.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे आणि सेवा देणाऱ्याचे पैसे कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत मिळायला हवेत. त्यानंतर व्याज मागता येतं. ही अट बिलावरच छापा.

2025-26 या वर्षासाठी नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर आयकर शून्य होतो. तरी विवरणपत्र भराच. कर्ज मागायला गेल्यावर बँक पहिल्यांदा तेच मागते.

पालकांनी काय करावं?

भांडवल देण्याआधी मुलीला सहा महिने एखाद्या कर सल्लागाराकडे किंवा त्याच व्यवसायातल्या दुकानात काम करू द्या. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची प्रशिक्षणं आहेत, कर्ज-अनुदानाच्या योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्र आहे. तिथे तिलाच पाठवा, तुम्ही अर्ज घेऊन फिरू नका. किती रक्कम द्यायची आणि किती महिने वाट बघायची, हे आधीच कागदावर ठरवा. राहतं घर तारण ठेवू नका.

आणि रोज जेवताना "आज किती गल्ला झाला?" हे विचारणं बंद करा. महिन्यातून एकदा विचारा, "किती येणं थकलंय आणि या महिन्याचा कर बाजूला काढलास का?" या दोन प्रश्नांना ती न चाचरता आकड्यांत उत्तर देऊ लागली, की भांडवलाचा दुसरा हप्ता द्यायला हरकत नाही.