छेदात काय ठेवलंत, ते सांगा

शिक्षणशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्यांना आकडेमोडीत मदत करण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. ‘शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे’ हे वाक्य प्रबंधांत सतत भेटतं. नव्या अध्यापन पद्धतीने फरक पडला, एवढं त्यातून कळतं. किती पडला, ते कळत नाही. ते सांगतो इफेक्ट साइझ : दोन मध्यमानांतला फरक भागिले प्रमाण विचलन. भागाकार शाळकरी आहे, पण छेदात चुकीचा आकडा गेला की सगळा निष्कर्ष बिघडतो. त्यात मी स्वतः चुकले आहे. त्यातून जे शिकले ते असं.

१. प्रमाण विचलन की प्रमाण त्रुटी, ते आधी तपासा.
जुने अभ्यास एकत्र करून मेटा-ॲनालिसिस करत होते. बाकीच्या अभ्यासांचे इफेक्ट साइझ ०.३-०.४ च्या आसपास आणि एकाचा थेट ३. मी तो तसाच तक्त्यात भरला. दोन दिवसांनी मूळ तक्ता पुन्हा उघडला. गटात ३६ मुलं, फरक ६ गुणांचा आणि अधिक-उणे चिन्हापुढे २. शंभर गुणांच्या चाचणीत ३६ मुलांचे गुण इतके एकमेकांजवळ कसे असतील? ते २ म्हणजे प्रमाण त्रुटी होती, म्हणजे विचलन भागिले मुलांच्या संख्येचं वर्गमूळ. ३६ चं वर्गमूळ ६. त्याने गुणल्यावर विचलन आलं १२ आणि इफेक्ट साइझ ०.५. माझ्या तक्त्यात तो सहापट फुगून बसला होता. तेव्हापासून १ च्या वरचा प्रत्येक आकडा मी मूळ तक्त्याशी ताडून पाहते.

२. पूर्वचाचणी-उत्तरचाचणीत छेद दोन निघतात.
समजा, दोन्ही वेळा तीच मुलं, वाढ ६ गुणांची, दोन्ही चाचण्यांचं विचलन १२, सहसंबंध ०.८. गुणांच्या विचलनाने भागलं तर ०.५. प्रत्येक मुलाच्या गुणवाढीचं विचलन काढलं तर ते ७.६ भरतं आणि उत्तर येतं ०.७९. दोन्ही बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. टी-मूल्याला मुलांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलंत तर हाती येतो तो दुसरा आकडा. तो दोन गटांच्या अभ्यासांशेजारी ठेवू नका.

३. उपक्रमाने विचलनच बदललं, तर नियंत्रित गटाचं घ्या.
उपचारात्मक अध्यापनात मागची मुलं पुढे येतात आणि वर्गातलं अंतर घटतं. अशा वेळी दोन्ही गटांचं एकत्रित विचलन घेतलं, तर उपक्रमाच्या परिणामाने मोजपट्टीच आखूड होते. जीन ग्लास यांनी म्हणूनच नियंत्रित गटाचं विचलन छेदात ठेवलं.

४. लहान गटाच्या आकड्यावर फार भार टाकू नका.
लहान गटात इफेक्ट साइझ किंचित जास्त येतो. लॅरी हेजेस यांनी १९८१ मध्ये दिलेल्या दुरुस्तीने १०-१० मुलांच्या गटांतला ०.६० हा ०.५७ होतो. खरी अडचण अनिश्चिततेची आहे. २०-२० मुलांचे दोन गट असतील आणि उत्तर ०.५ आलं, तर ९५ टक्के विश्वासमर्यादा उणे ०.१३ ते १.१३ इतकी पसरते. शून्यही त्यात बसतं. मर्यादा लिहिल्याशिवाय आकडा लिहू नका.

५. ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा, हे पाठांतर सोडा.
जेकब कोहेन यांनी या खुणा दुसरा आधार नसेल तेव्हापुरत्या दिल्या होत्या. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तीतलीच तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवायची. दुसऱ्या वर्षी सरासरी गुण ०.२८ विचलनाने वाढले आणि वाढ मुख्यतः सर्वांत मागच्या मुलांची होती. कोहेन यांच्या खुणेने हा परिणाम ‘लहान’. अक्षरओळखीत अडकलेल्या मुलाच्या बाजूने पाहिलं, तर तो लहान नाही. उपक्रम संपल्यावर वर्षभराने मात्र फायदा ०.१० च्या आसपास उरला. म्हणून कधी मोजलंत, हेही आकड्यासोबत लिहा.

६. कच्चे आकडे प्रबंधात ठेवा.
प्रत्येक गटातली मुलं, मध्यमान, प्रमाण विचलन आणि पूर्व-उत्तर चाचण्यांमधला सहसंबंध. यांना एका तक्त्याच्या चार ओळी पुरतात. त्या नसल्या की नुसत्या ‘०.०५ स्तरावर सार्थक’ या शेऱ्यावरून पुढच्या अभ्यासकाला काहीच काढता येत नाही आणि तुमची दोन-तीन वर्षांची मेहनत मेटा-ॲनालिसिसमधून बाहेर राहते. शाळेत जाऊन, मुलांना तासन्‌तास बसवून ही माहिती तुम्ही गोळा केली आहे. प्रबंध बांधायला टाकण्याआधी त्या चार ओळी आहेत का, एकदा पाहा.