सायलेन्सरचा टाका का सुटतो? आधी धातू ओळखा, मग तार निवडा

पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरील करकंब आणि भोवतालची गावे उजनीच्या पाण्यावर ऊस, द्राक्षे आणि डाळिंब पिकवतात. साहजिकच इथल्या वेल्डिंगच्या दुकानात ट्रॉली, नांगर आणि गेटच्या जोडीला सायलेन्सरचे कामही हटकून येते. ट्रॅक्टरचा उभा सायलेन्सर द्राक्षाच्या तारांना अडतो, म्हणून तो वळवून खाली घ्यावा लागतो. इंजिनाचा मॅनिफोल्ड तडकतो. कुणाला जुन्या जीपसाठी प्रत्येक सिलिंडरचा स्वतंत्र पाइप काढून पुढे एकत्र जोडलेला ‘हेडर’ हवा असतो.

काम दिसायला सोपे आहे. पण हंगामात ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा टाका पंधरा दिवसांत सुटला, तर शेतकऱ्याची खेप बुडते आणि कारागिराला तेच काम फुकटात पुन्हा करावे लागते. त्याहून मोठे नुकसान म्हणजे दुकानाचे नाव जाते. असे टाके बहुतेक वेळा हात कच्चा असल्यामुळे सुटत नाहीत. धातू एक आणि त्यात भरलेली तार दुसरीच, हे त्याचे मुख्य कारण असते. म्हणून या लेखात तार आणि पद्धत कशी निवडावी, याचा विचार करू.

हे काम वेगळे का?

गेटच्या टाक्याला फक्त वजन पेलायचे असते. सायलेन्सरच्या टाक्याला उष्णता, थरथर आणि गंज यांच्याशी एकाच वेळी झुंजावे लागते. भाराखालच्या डिझेल इंजिनातून निघणारा वायू साधारण ५०० ते ६५० अंश सेल्सिअस तापलेला असतो. पेट्रोल इंजिनात तो ८०० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. साधे पोलाद ५०० अंशांच्या वर गेले की झपाट्याने पापुद्रे सोडू लागते.

दुसरी गोष्ट प्रसरणाची. एक मीटर लांबीचा पाइप ५०० अंशांनी तापला, तर साधे पोलाद ६ ते ७ मिलिमीटर वाढते आणि ३०४ जातीचे स्टेनलेस सुमारे ९ मिलिमीटर वाढते. इंजिन थंड झाले की दोन्ही पुन्हा आखडतात. पाइप दोन्ही टोकांना घट्ट आवळला असेल, तर ही सगळी ओढाताण टाक्यावर येते.

धातू कसा ओळखावा?

लोहचुंबक लावून पाहणे ही पहिली पायरी आहे, पण एवढ्यावर विसंबू नये. साध्या पोलादाला चुंबक चिकटतो. गाड्यांच्या मूळ सायलेन्सरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या ४०९ जातीच्या स्टेनलेसलाही तो चिकटतो. म्हणून ग्राइंडरची ठिणगी पाहावी. साध्या पोलादाची ठिणगी लांब, उजळ आणि फुलबाजीसारखी फुटणारी असते. स्टेनलेसची आखूड, तांबूस आणि कमी फुटणारी असते.

ज्याला चुंबक चिकटत नाही ते सगळे ३०४ असते, असेही नाही. बाजारात २०० मालिकेतील कमी निकेलचे स्वस्त स्टेनलेसही मिळते आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. स्टेनलेसची जात तपासण्याचे रसायनी थेंब भंगारवाले वापरतात, ते दुकानात ठेवावेत. नवा माल घेताना बिलावर जात लिहून मागावी.

जी.आय. म्हणजे जस्त चढवलेला पाण्याचा पाइप या कामाला घेऊ नये. जस्त ९०७ अंशांना उकळते. वेल्डिंगच्या आचेने त्याचा पांढरा धूर होतो आणि टाक्यात भोके पडतात. हा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. चार पैसे वाचवण्यासाठी हा पाइप वापरणे परवडत नाही.

कोणत्या धातूला कोणती तार?

साधे पोलाद साध्या पोलादाला: आर्कसाठी ६०१३ रॉड चालतो. जाड फ्लँजला ७०१८ अधिक चांगला, मात्र तो भट्टीत वाळवलेला हवा. सीओटू मशीनवर ७० एस-६ तार आणि आर्गनवर ७० एस-२ किंवा ७० एस-६ तार घ्यावी. यातील ७० हा आकडा ताकदीचा आहे: टाका चौरस इंचाला किमान ७०,००० पौंड ताण सोसतो.

३०४ ला ३०४: ३०८ एल तार. ‘एल’ म्हणजे कार्बन कमी. कार्बन जास्त असला, तर साधारण ४२५ ते ८६० अंशांच्या पट्ट्यात तो क्रोमियमला धरून बसतो आणि टाक्याच्या कडेने गंज लागतो. सायलेन्सर नेमका याच पट्ट्यात काम करतो.

३२१ ला ३२१: या जातीत कार्बनला बांधून ठेवण्यासाठी टायटॅनियम घातलेले असते. ते आर्कमध्ये जळून जाते, म्हणून तारेत नायोबियम असलेली ३४७ जात घ्यावी. पेट्रोल इंजिनाच्या हेडरला ३२१ उत्तम, पण माल महाग.

४०९ ला ४०९: त्याच जातीची तार मिळाल्यास तीच घ्यावी, कारण पाइप आणि टाका सारखेच प्रसरण पावतात. ती न मिळाल्यास ३०९ एल चालते.

साधे पोलाद स्टेनलेसला: सर्वांत जास्त चुका इथेच होतात. लोखंडी फ्लँजला स्टेनलेस पाइप जोडताना ३०८ एल वापरली, तर लोखंड वितळून तिच्यात मिसळते, तारेतले क्रोमियम-निकेल पातळ होते आणि टाका ठिसूळ होऊ शकतो. ६०१३ वापरला, तर टाका आणखी कच्चा. या ठिकाणी ३०९ एल हवी. तिच्यात क्रोमियम आणि निकेल जास्त असल्याने लोखंडाची मिसळण ती सहन करते. ती आर्कच्या रॉडमध्येही मिळते, त्यामुळे आर्गन नसलेल्या दुकानालाही अडचण नाही.

बिडाचा मॅनिफोल्ड: ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनांचे मॅनिफोल्ड बहुधा बिडाचे असतात. त्याला निकेलचा रॉड लागतो. शुद्ध निकेलचा टाका मऊ येतो, कानसता येतो. निकेल-लोखंड मिश्र रॉडचा टाका अधिक बळकट येतो, आणि बिडाला पोलाद जोडतानाही तोच घ्यावा. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून भेग थांबवावी. एका वेळी २५ मिलिमीटरच टाका घ्यावा, गरम असतानाच हलक्या हातोडीने ठोकावा, हात लावता येईल इतका निवू द्यावा आणि मगच पुढचा घ्यावा. शेवटी कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश थंड करावे. वर्षानुवर्षे जळालेले बीड टाका धरत नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाला नवा मॅनिफोल्ड घ्या म्हणून स्पष्ट सांगावे.

तार महाग पडते का?

३०९ एल तारेचा भाव ऐकून अनेक कारागीर मागे सरतात. त्यांनी हिशोब करावा. १.६ मिलिमीटर जाडीची एक मीटर तार सुमारे १६ ग्रॅम भरते, म्हणजे एका किलोत ६० मीटरहून जास्त तार येते. ५० मिलिमीटर व्यासाच्या पाइपचा घेर १५७ मिलिमीटर. एवढ्या सांध्याला सहसा एक मीटरही तार लागत नाही. एका सांध्याचा फरक काही ग्रॅमचा, आणि सुटलेल्या टाक्याचा खर्च अख्ख्या दिवसाचा.

कोणती पद्धत?

आर्क: २ मिलिमीटर आणि त्याहून जाड लोखंडी पाइपला चालते. २.५ मिलिमीटरच्या रॉडला ६० ते ९० अँपिअर लागतात. १.२ मिलिमीटरचा पत्रा त्यात जळून भोक पडते.

सीओटू: लोखंडी पाइपला वेगवान आणि स्वस्त. मात्र स्टेनलेसला निव्वळ कार्बन डायऑक्साइड वापरू नये, टाक्यात कार्बन शिरतो. आर्गनमध्ये सुमारे २ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेला वायू घ्यावा.

आर्गन: पातळ स्टेनलेस हेडरला हीच पद्धत. एक मिलिमीटर जाडीला ४० अँपिअर हा सुरुवातीचा अंदाज. बाहेरून आर्गन असला, तरी पाइपच्या आत हवाच असते. त्यामुळे टाक्याची आतली बाजू जळून साखरेच्या खड्यांसारखी खडबडीत होते आणि तिथूनच भेग निघते. म्हणून पाइपची टोके बंद करून आतूनही आर्गन सोडावा, किंवा आतून लावायचा स्टेनलेसचा फ्लक्स वापरावा.

पितळाचा झाळ: इंजिनाजवळ वापरू नये. तेवढ्या उष्णतेत तो ढिला पडतो.

सांधा बसवताना

फ्लँज जाड पाटाला किंवा जुन्या हेडला बोल्टने आवळून मगच टाके घ्यावेत. समोरासमोरचे टाके आलटून पालटून घ्यावेत, नाहीतर फ्लँज वाकतो आणि गॅसकेटमधून वायू गळतो. लांब पाइपाचा भार फ्लँजवर टांगू नये, वेगळा ब्रॅकेट द्यावा. प्रसरणासाठी सरकता जोड किंवा लवचीक तुकडा ठेवावा. गाडीवरच काम असेल, तर आधी बॅटरीची तार काढावी आणि अर्थिंग सांध्याजवळ लावावे.

जीव आणि कायदा

स्टेनलेसच्या धुरात घातक क्रोमियम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातला. काम उघड्यावर किंवा पंख्याने धूर ओढून घेऊन करावे, शागीर्दालाही योग्य मास्क द्यावा. गळका सायलेन्सरही कमी धोक्याचा नाही. जीपमध्ये त्यातून वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड शिरतो, आणि उसाच्या वाळल्या पाचटात एक ठिणगी पुरेशी असते.

कर्कश आवाजाचा पाइप बनवून मागणाऱ्याला नकार द्यावा. आवाज आणि धुराचे नियम मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बी.एस. सहा गाड्यांत पाइपवर सेन्सर असतात. त्यांच्या आधी टाका गळला, तर सेन्सर चुकीचे माप देतो.

कारागीर बंधूंनी एक सवय लावून घ्यावी. बिलावर पाइपाची जात, जाडी आणि वापरलेली तार लिहावी. ‘३०४ पाइप, लोखंडी फ्लँज, ३०९ एल तार’ एवढ्या एका ओळीने गिऱ्हाइकाला भाव का जास्त आहे ते कळते, आणि वर्षभराने तोच पाइप दुरुस्तीला आला तर हाताखालच्या पोरालाही कोणती तार घ्यायची ते विचारावे लागत नाही.